सातच्या बातम्यांतला पंडित

अभिमन्यू माझ्या आयुष्यात आकाशातून आला. मी गच्चीवर कुरडयांची राखण करत बसलो होतो. ऊन डोक्यावर, हातात कावळे हाकायची काठी. एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून काहीतरी प्रचंड उडाले, क्षणभर सगळ्या गेवराई तालुक्यावर अंधार पडला, आणि कमरेला वायरचे भेंडोळे गुंडाळलेला एक माणूस थेट कुरडयांच्या मधोमध उतरला. त्या दिवशी कुरडयांचे जे राज्य बुडाले ते पुन्हा उभे राहिले नाही.

खालून बायको ओरडली, "काय पडलं हो?"

"माणूस."

"कुरडयांवर तर नाही ना पडला?"

माणूस उठला. अंगावरचा चुरा झटकला, त्यातला थोडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय, सर. केबलचं कनेक्शन घेता का?"

असल्या माणसाला नाही कसे म्हणणार?

कनेक्शनबरोबर त्याचे स्वतःचे चॅनलही घरात आले. नाव 'गोदाकाठ'. स्टुडिओ पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. मागे निळी चादर, पुढे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा. गिरणी चालू असली की टेबल हलायचे, बातम्या वाचणारी वनिता हलायची, आणि घरोघरी लोक भूकंप समजून अंगणात यायचे. म्हणून गिरणी बंद झाल्यावर, सात वाजता बातम्या. लग्नसराईत कॅमेरा लग्नांना गेलेला असे, त्यामुळे वैशाखात गेवराईत काही घडतच नसे.

मी हायस्कूलला मराठी शिकवतो, म्हणजे गावातल्या यच्चयावत मजकुराचा बिनपगारी हमाल. बातम्यांची भाषा तपासायला मी रोज त्या खोलीत जाऊ लागलो. पण गाव बातम्यांसाठी टीव्ही लावत नव्हते. बातम्या काय, चौकात आधीच कळलेल्या असत. गाव बघायचे ते शेवटचे फोटो. आधी फुग्यांच्या चौकटीत वाढदिवस. मग समईच्या चौकटीत निधन. आणि सर्वांत शेवटी साध्या पांढऱ्या चौकटीत 'हरवले आहेत'.

त्या पांढऱ्या चौकटीत रोज एकच फोटो असे. अभिमन्यूचा थोरला भाऊ, पंडित. वय एकोणीस, कॉलर ताठ, मिशी अजून यावे की न यावे या विचारात. वडिलांनी बसस्टँडवर चारचौघांत थोबाडीत मारली म्हणून तो समोरच्या एसटीत चढला आणि गेला. गाडी कुठली होती, हे भांडणाच्या गडबडीत कोणीच वाचले नाही. वडील पुढे वारले. राहिली आई, छबुबाई.

चॅनल सुरू झाले तेव्हा तीच म्हणाली होती, "गावातल्या समद्या लेकरांचे फोटू दावतोस. माझ्याच लेकराचा कावून न्हाई?"

तेव्हापासून फोटो लागला. छबुबाई सातला टीव्हीपुढे बसायची. बातम्यांभर भाजी निवडायची, वाढदिवसांना मान वर करायची नाही. पंडित पडद्यावर आला की मात्र हातातली मेथी खाली ठेवून, पदर सारखा करून बघायची. फोटो गेला की उठायची.

फोटोतला पंडित तसाच राहिला. अभिमन्यूचे केस पिकले, पोट सुटले, आणि बघता बघता थोरला भाऊ धाकट्याच्या लेकासारखा दिसू लागला.

दुसरे केबलवाले गिऱ्हाईक असेल तिकडे वायर ओढत. हा पठ्ठ्या पंडित असेल तिकडे ओढायचा. कोणीतरी म्हणाले, तलवाड्याला तसा माणूस पाहिला. याने तलवाड्याच्या दिशेने खांब मोजायला सुरुवात केली. मग कोणी म्हणाले, नेकनूरच्या बाजारात होता.

"नेकनूरला वायर नेतो, सर."

"अरे, मध्ये अख्खं बीड येतं!"

"बीडला वळसा घालू."

"आणि त्यानं त्या वेळी टीव्हीच लावला नाही तर?"

त्याने वायरचे भेंडोळे खांद्यावर चढवले. मग म्हणाला, "म्हणून तर रोज दावतो ना."



मग ती संध्याकाळ आली. गावातले वजनदार बागायतदार राधाकिशनअप्पा पिकल्या वयात वारले. तालुक्यातून फोन, मोठ्या मंडळींचे शोकसंदेश, 'अप्पांचा फोटो मोठा टाका' अशा सूचना. अभिमन्यू त्या धांदलीत कॉम्प्युटरवर बसला आणि त्याच्या हातून चौकटींची अदलाबदल झाली. सात वाजता सबंध गेवराईने पाहिले: पांढऱ्या चौकटीत राधाकिशनअप्पा, 'घरातून न सांगता निघून गेले आहेत, आढळल्यास कळवावे'. आणि समईच्या चौकटीत पंडित, 'दुःखद निधन'.

अप्पांचे चिरंजीव चौघांना घेऊन जिना चढून आले. "बे अभिमन्या! सकाळी आमी जाळून आलो बापाला, अन् तू लोकाला हुडकायला लावतो?"

"चूक झाली, दादा."

"दोन जणांचे फोन आले! एक म्हणतो, अप्पा शहागडच्या पुलावर दिसले!"

मला हसू आवरेना. अभिमन्यूला ते ऐकूही गेले नाही. तो घराकडे पळत सुटला होता.

छबुबाई टीव्हीपुढेच होती. तिला वाचता येत नव्हते. "आज पंडितपाशी दिवा कावून लावला रं?" एवढेच तिने विचारले. तोवर अंगणात माणसे जमू लागली होती. बायका गळ्यात पडत होत्या, आणि अभिमन्यू एकेकाला हात जोडून सांगत होता, "न्हाई हो, गेला न्हाई, नुस्ता हरवलाय."

इतकी वर्षे 'आढळल्यास कळवावे' ही विनंती कोणी गल्लीबाहेर नेली नव्हती. मयत मात्र लोकांनी मोबाइलवर उतरवून घेतले आणि ग्रुपांवरून चहूकडे धाडले. दुसऱ्या दिवशी अभिमन्यूचा फोन वाजला. मी शेजारीच होतो.

"अभिमन्या, मी पंडित. कावून मारलंस बे मला?"

अभिमन्यूने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला तोंड करून उभा राहिला.

दोन दिवसांनी पंडित जालन्याहून आला. जालना गेवराईहून दोन तासांवर आहे. तिथे त्याचे पंक्चरचे दुकान होते, बायको होती, मुलगी बारावीला होती. डोक्यावर केस नव्हते. छबुबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान पाहिले, हात पाहिले.

"जेवून घे, म्या पुरण घातलंय."

"खाऊनच निघालतो, माय."

"ऱ्हातोस न्हवं?"

"दुकान बंद ठिवून आलोय."

चहा घेतला, फोन नंबर दिला, आणि तो चारच्या गाडीने गेला. या वेळी पाटी आम्ही सगळ्यांनी वाचली. नंतर फोन येत राहिले, आधी आठवड्याला, मग सणाला.

अभिमन्यूने पांढरी चौकट काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी सात वाजता छबुबाईने विचारले, "फोटू कावून न्हाई?"

"माय, सापडला की तो."

"ते असू दे. तू दाव."

मग वरच्या अक्षरांशिवाय, नुसता फोटो पुन्हा लागू लागला. ती मेथी खाली ठेवून बघायची.

दिवाळीनंतर सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या केबल कंपनीने गावोगावच्या चॅनलांची जागा काढून घेतली. 'गोदाकाठ'च्या नंबरावर आता सातला नॉनस्टिक तवे विकतात.