मामा गप्प बसले तेव्हा

आमच्या हिच्या मामांइतका बोलणारा माणूस मराठवाड्यात झाला नाही आणि होणारही नाही. जळकोटच्या स्टँडवर ते उतरले की गाडीतले लोक सुटकेचा निःश्वास टाकत आणि स्टँडवरचे पांगत. तोंडात घास असो की ओठावर दाढीचा फेस, बोलणं चालूच. झोपेतही ते कुणाशी तरी बांधावरून वाद घालत. त्यात एक खोड अशी, की दिसेल त्या लहान पोराचं झबलं वर करून छातीकडे बघायचं. औशाच्या एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाच्या भाच्याचा कोट उघडला. पोराची आई खवळली, तर म्हणाले, "बाई, कोट जरीचा हाय, पर आतलं पोरगं दम कसा घ्यायलंय ते कोनी बघावं?" त्यावर आम्ही वर्षभर हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

त्या हिवाळ्यात आमची दीड वर्षाची पोर खोकत होती. ताप उतरला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. दोन स्वेटर, कानटोपी, वर शाल, असं तिचं गाठोडं हिच्या मांडीवर होतं. पण ती दूध घेत नव्हती, नुसती पडून होती. छातीत कफ धरला की आमच्याकडे 'डबा झाला' म्हणतात आणि पोटावर गरम बिब्ब्याचा डाग देतात. आईनं फोनवर तेच सांगितलं, आणि बी.एस्सी. झालेला मी निमूट बाजारातून बिब्बा घेऊन आलो. तेवढ्यात मामा आले, उंबऱ्यापासूनच बोलत. सवयीनं त्यांनी शाल काढली, स्वेटर वर केले, आणि गप्प झाले.

मामांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाकून पाहिलं, तर प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता, पोट भात्यासारखं भराभर हलत होतं. एवढ्या कपड्यांखाली ते आम्हाला दिसलंच नव्हतं.

"निमोनिया हाय. गाडी काढ," एवढंच ते म्हणाले.

उदगीरच्या दवाखान्यापर्यंत अवाक्षर नाही. दाराशी उतरताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या पोराला म्या बिब्बा घातला व्हता."

त्यांना पोरगा होता, हे हिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या खिशात बिब्बा होता. तो मी मुठीत दाबून धरला. आजवर कुणाला सांगितलं नाही.

ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं झाली, पोर वाचली. आता ती सातवीत आहे. मामा थकलेत, बोलता बोलता डुलकी लागते. मग ती हळूच त्यांचं पांघरूण खाली करते आणि छातीकडे बघत बसते.

"काय बघायलीस गं?" ते डोळे न उघडता विचारतात.

"काही न्हाई, आबा. तुम्ही बोला."