वरच्या मजल्यावर कोणी नाही

आठवीत शाळा सुटली. पुढे मी भंडाऱ्याकडून पुण्याला आले, हडपसरला पॅकिंगच्या कामावर. तेही सुटलं तेव्हा बाईंनी मला त्यांच्या पाहणीच्या कामावर घेतलं. घरोघर जाऊन लोकांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारायचं, ही रीत इथे नवी होती तेव्हापासून बाई हेच करत आल्या. तरुणपणी त्या कसब्यातल्या कारागिरांच्या दारात उभ्या राहिल्या की बायका त्यांना कुटुंबनियोजनवाली समजून कडी लावून घेत. आता ऐंशी ओलांडली होती, तरी नव्या भागात पहिल्या दिवशी त्या स्वतः येत.

मला घेताना म्हणाल्या होत्या, "शिकलेली मुलं प्रश्न सुधारून विचारतात. तुम्ही आहे तसा वाचाल. वाचता येतं ना?" बोलणं असं, पण मी जेवले की नाही, हे विचारायचं त्या विसरत नसत.

आम्ही चिठ्ठ्या टाकून घरं निवडतो आणि निघालेलं घर बदलत नाही. त्या दिवशी माझ्याच घरमालकीण काकूंचं घर निघालं.

"बाई, मी इथंच वर राहते."

"मग तुम्ही बाहेर थांबा. ओळखीच्या घरात आपण विचारायचं नसतं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"घरात कोण कोण असतं?"

"आम्ही पाच जण हाय."

"आणि वर?"

"वर कुणी नाय. कांदं पसरून ठिवलेत."

मी माझ्याच हातांकडे बघत राहिले. सकाळी याच काकूंनी "खाऊन जा गं" म्हणून मला भाकरी दिली होती. भाडेकरू कळला तर घरपट्टी वाढायची भीती असेल, हे मला नंतर सुचलं. तेव्हा डोक्यात फक्त कांदे होते.

बाईंचा आवाज तसाच, ना गोड ना कडू. "काल संध्याकाळी या घरातलं कोण कोण जेवलं?"

"सासरं, मालक, दोन्ही पोरं, मी... आन वरची पोरगी. तिचा गॅस संपलाय."

बोलून गेल्यावर काकूंच्या ध्यानात आलं. त्या तरातरा बाहेर आल्या, तर समोर मी, मांडीवर बाईंच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"तूच आणलीस व्हय हिला? उद्या घरपट्टीवाला दारात आला म्हंजे? दुसरी खोली बघ."

"काकू, मी काही नाही बोलली जी!"

"बघ म्हणलं ना!"

एकट्या बाईला या गावात खोली कोण देतं? खोली नाही तर काम नाही, काम नाही तर भंडारा.

बाई चष्मा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "आपण उठून गेल्यावर घरात काय होतं," त्या म्हणाल्या, "हे मी एवढ्या वर्षांत एकदाही थांबून बघितलं नाही."

मग काकूंना म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच की!"

बाईंनी उत्तरांचा कागद उभा फाडला आणि तुकडे काकूंच्या हातात दिले. मी थक्क झाले. उत्तरातला एक शब्द बदलला म्हणून याच बाईंनी एका पदवीधर मुलाला घरी पाठवलं होतं.

काकूंनी तुकडे उलटेपालटे केले. "सरकारी कागद असा फाडत्यात?"

"सरकारी नाही, माझा आहे. या घराने उत्तर द्यायला नकार दिला, एवढंच लिहीन."

काकूंनी तुकडे कमरेला खोचले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "च्या टाकते. तू बी ये आत."

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी अजून तिथेच आहे. पण त्या दिवशी बसस्टॉपवर बाईंनी विचारलं, "खोली गेली असती, तर?" आणि मी आहे तसं सांगितलं, "गावाला परत गेली असती, बाई." तेव्हापासून घरातून उठल्यावर बाई लगेच निघत नाहीत. चप्पल घालायच्या निमित्ताने दाराशी रेंगाळतात, आतले आवाज ऐकत. एखाद्या वेळी बसही चुकते.