काचेवर रंग

लालबागकरांनो, जरा थांबून वाचा.

आमच्या चाळीच्या रस्त्याकडच्या भिंतीला मोठी भेग आहे. इंजिनिअरने तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. काच तडकली की भिंत सरकतेय असं समजायचं.

दुरुस्तीला निधी नाही, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. 'आठवणीतलं गिरणगाव' रंगवायला मात्र निधी आला! मागच्या आठवड्यात पेंटरनी काचेसकट भिंत रंगवली. आता तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, उभा असलेला गिरणी कामगार आहे. लोक येऊन सेल्फी काढतात.

गिरणी संपात नोकरी गेलेले माझे बाबा आज सकाळी चित्र बघायला खाली उतरले. "साचा बरोबर काढलाय रे," म्हणाले. मग कामगाराच्या छातीवरून हात फिरवताना एकदम थांबले. रंगाखालची काच मधोमध तडकली होती.

"धागा तुटला की आम्ही आधी साचा बंद करायचो," बाबा म्हणाले.

मी चित्राच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "उद्या उद्घाटन होऊ दे, मग बघू."

आत्ता त्याच भिंतीला टेकवून स्टेज बांधतायत. उद्या त्यावर आमच्या चाळीतली पोरं लेझीम खेळणार आहेत.

तुमचं पोर असतं, तर पाठवलं असतंत?