एक जूनचं कार्ड

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी घरातल्या घटनांची कार्डं लिहायला घेतली. कल्याणच्या कचेरीत मी जुनं रेकॉर्ड सांभाळायचो. तीच खोड घरी आली, दुसरं काय. एका घटनेला एक कार्ड, वर तारीख, खाली 'पाहा' म्हणून संबंधित कार्डांची नावं. बुटांच्या खोक्यात सगळी क्रमाने उभी.

अडचण तारखांची होती. आजोबांचं लग्न शकात, वडिलांची नोकरी इंग्रजी तारखेत, काकाची होडी बुडाली ती 'मोठ्या उधाणाच्या वर्षी'. आम्ही ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. आई तर भरती-ओहोटीवरच दिवस मोजायची. मला ते खपत नसे. नौपाड्यातल्या वाचनालयात जुनी पंचांगं चाळून मी इंग्रजी तारीख काढायचो, मगच कार्ड खोक्यात जायचं.

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. दीड वर्षाची असताना तापाने गेली. तिचं कार्ड राहिलं होतं. आई ओट्यावर कोळंबी सोलत होती तेव्हा विचारलं.

"नारली पुनवेच्या आदीचा भांग," ती म्हणाली. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती. "तवा तू माझे पोटान."

वर्ष तिला सांगता येईना. ते वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, दवाखान्याच्या कागदावर सापडलं. त्यावरची तारीख पंचांगाशी ताडली, तर आईचा दिवस बरोब्बर जुळला. पण कार्ड लावायला गेलो तर ते माझ्या जन्माच्या कार्डामागे जाऊ लागलं. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख त्याच वर्षातली होती, एक जून.

"आये, चुकतेयस तू," मी ठासून म्हणालो. "मी दोन महिन्यांचा होतो तेव्हा. कागद आहे."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी समोर येऊन बसली.

"एक जून मास्तरांनी लिवला. डोक्यावरशी हात कानाला लागला, म्हनून तुला शालेन घेतला. तू दिवालीनंतरचा. तिला नेल्यावर चार दिवस मी जेवली नय. पाचव्या दिवशी तू आतून लाथ मारलीस. म्हनून उठली, भात खाल्ला. आनि तू म्हनतस, तू पोटान नव्हतास."

वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून होती; मला ते कधी खटकलं नव्हतं. साऱ्या घराच्या तारखा तपासत बसलो आणि दिव्याखाली अंधार. मला स्वतःची फार लाज वाटली. आईच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी दाखल्याच्या जोरावर खोटी पाडायला निघालो होतो.

माझ्या कार्डावरची तारीख खोडली. लिहिलं, 'दिवाळीनंतर. पाहा: ताई.' तिला ताई म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

आईला वाचता येत नसे. तिने दोन्ही कार्डं हातात घेतली आणि विचारलं, "तिचा कंचा?"

मी दाखवलं. तिने ते पदराने पुसलं आणि स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवलं, माझ्या पुढे.