चौथ्या वजनाला गप्प झालेलं पातं

टर्बाइनचं पातं किती थरथरतं, हे कंप्युटरवर काढायचं माझं काम. पात्याच्या बुडाशी धातूचा एक लहानसा तुकडा बसवलेला असतो. तो घासतो आणि थरथर खाऊन टाकतो. पण हे घासणंच अवघड. तो तुकडा आत्ता चिकटलेला असतो, लगेच सरकतो. माझ्या मॉडेलमध्ये सगळं पातं लाखो बिंदूंत मांडलेलं होतं. खुटबावच्या घरी एकदा गणित लावलं की चार-चार दिवस चालायचं. आई विचारायची, "अजून शिजतंय व्हय गं?"

माझे सर म्हणाले, "जिथं घासतं तेवढेच बिंदू ठेव. बाकी पातं हलून हलून हलणार किती प्रकारांनी? दहा-बारा प्रकार घे, पुरे."

मला पटलं नव्हतं. तरी तसं केलं आणि लॅपटॉप घेऊन शिरूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथं खरं पातं लोखंडी ठोकळ्यात आवळलेलं होतं, यंत्र त्याला हलवत होतं. तारेला वजनं टांगली की तो तुकडा पात्यावर दाबला जायचा. चाचणी घेणारे आप्पा जुने फिटर होते.

लाखो बिंदूंचं ते चार दिवसांचं गणित मी आप्पांना सांगत होते, तर चहा येईपर्यंत माझं उत्तर आलंसुद्धा. मी म्हटलं, "आप्पा, चौथ्या वजनाला सगळ्यात शांत होईल. पुढं परत वाढेल."

"बघू की."

पहिलं, दुसरं, तिसरं. पात्याचा गुणगुणाट उतरत गेला. चौथं टांगलं आणि आवाज जवळजवळ बंदच झाला. पाचव्याला तो पुन्हा सुरू झाला, सहाव्याला वाढला.

"ढिलं ठिवलं तर घासत न्हाई, लई आवळलं तर सरकत न्हाई," आप्पा म्हणाले. "हे हाताला ठावं हाय मला. पन तुमाला हितं बसून कसं कळलं? आन् ते लाखो बिंदू कुठं गेलं?"

"आहेत तिथंच आहेत, आप्पा. घासतात ते सोडले तर बाकीचे सगळे मिळून दहा-बारा तऱ्हांनीच हलतात."

आप्पांनी पात्याच्या टोकाला हलकेच बोट लावलं. बराच वेळ काढलं नाही. मग मला म्हणाले, "लावून बघा."

मी बोट लावलं. एवढं मोठं हलणं, आणि ते माझ्या मूठभर आकड्यांत मावलं होतं.