सांबार ठेवलेली वाटी

तांदूळ निवडताना खडे सुपाच्या एका कोपऱ्यात सारून ठेवतात. एकेक खडा बारीक असतो, लक्षातही येत नाही. तांदूळ संपला की मात्र मूठभर निघतात. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टींचं तसंच झालं आहे. पाच वर्षं मी त्या दारात खुर्ची टाकून बसतो. बोलतो कमी, म्हणून ऐकायला पुष्कळ मिळतं.

आमचं गाव सेलूच्या अलीकडे. शाळेत दुपारचं जेवण विमलबाई रांधते. मुलांना वाढण्याआधी कुणीतरी पालकाने चव घ्यायची, वहीत लिहायचं आणि सही करायची, असा नियम आहे. पण कापूस वेचायच्या दिवसांत पालक सापडणार कुठे? मोठ्या सरांनी सभेत विचारलं, "रोज अकरा वाजता रिकामं कोण असतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नात आरोही त्याच शाळेत, तेव्हा पालक म्हणून मी चाललो.

मी तिसरी शिकलेला. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, "जेवलो."

सर म्हणाले, "आबाजी, तुम्ही जेवले ते ठीक. चवीचं काहीतरी लिहा ना."

दुसऱ्या दिवशी लिहिलं, "चव होती."

तिसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच एक वाक्य घालून दिलं, "चव चांगली आहे." तेव्हापासून तेच लिहितो.

* * *

मुलं खिचडीतला पालक वेचून ताटाच्या काठावर लावायची. सरांनी एकदा अर्धा तास हिरव्या भाजीवर भाषण दिलं. रक्त कसं वाढतं, डोळे कसे चांगले राहतात, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "कोणाला काही शंका?"

आरोहीने हात वर केला. "सर, मंग तुमच्या डब्यात रोज आलूच काऊन असते?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या डब्यात मेथी होती. त्यानंतर आठवडाभर मेथीच होती. शनिवारी सर माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "आबाजी, तुमच्या नातीले समजवा. आमच्या घरी कोणीतरी सांगतलं, अन् बायकोनं आता आलू आणणंच बंद केलं."

* * *

मग शाळेमागे परसबाग झाली. प्रत्येक मुलाला एक रोप दिलं. आरोहीच्या वाट्याला वांगं आलं. ती त्याच्याशी गप्पा मारायची. पहिली वांगी लागली तशी विमलबाई सुरी घेऊन गेली, तर ही झाडापुढे आडवी.

"माझं आहे ते. मी त्याले मोठं केलं."

"अवं बाई, वांगं मोठं करतात तेच मुळी खायासाठी," विमलबाई म्हणाली.

शेवटी वांगी शिजली. आरोही ताट घेऊन बसली आणि रडत रडत जेवली. ताट पुसून झाल्यावर डोळे पुसले आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.

"आता काऊन आली?" विमलबाईने विचारलं.

"थोडं वाढा ना अजून. माझंच आहे न ते?"

* * *

आता थोडं माझं सांगतो. मागे एकदा तापाने पडलो. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती परत आलीच नाही. गूळ आणि मीठ सारखंच लागायला लागलं. मी घरात कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर शाळेतली खुर्ची गेली असती. घरची सगळी सकाळी शेतात जातात. अकरा वाजता कुणी माझी वाट पाहतं, असं गावात ते एकच ठिकाण.

विमलबाईचा हात कधी चुकत नव्हता. तिच्या भरवशावर मी सह्या करत राहिलो.

एक दिवस चुकला. ती मीठ टाकत असतानाच गॅसची टाकी आली. टाकी उतरवून ती परतली आणि पुन्हा तेवढंच मीठ टाकलं. मी वाटी संपवली आणि लिहिलं, "चव चांगली आहे." पाच मिनिटांत सगळी शाळा नळावर.

सर वही घेऊन आले. "आबाजी, ही चव चांगली?"

"मले खारट आवडते," मी म्हणालो.

सर हसले. विमलबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाटीवर सांबाराची एक काडी होती. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मला वाटलं, मान दिला. आठ दिवस रोज काडी. नवव्या दिवशी नव्हती. मी चमचा उचलला तशी विमलबाई पाठमोरीच बोलली, "थांबा, आबाजी. मीठ राह्यलं आहे. मी चाखल्याबिगर काडी ठेवत नाई. काडी नसली तर सही करू नका."

एवढंच. नंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

* * *

वर्षा नावाची एक पोरगी सिंदीहून गावात सून म्हणून आली आहे. तिचा मुलगा पहिलीत. ती एकदा पेन आणि वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

"काकू, आमचा बाबू घरी जेवतच नाई जी. म्हणते, विमलकाकूसारखी खिचडी कर. कशी करता सांगा ना."

"लिही," विमलबाई म्हणाली. "पह्यले आठ किलो तांदूळ घे."

वर्षाचं पेन थांबलं. "आम्ही घरात चौघं आहो, काकू."

"मंग मले नाई येत."

* * *

यंदा शाळेत आहार मेळावा झाला. आयांनी घरून पौष्टिक पदार्थ करून आणायचे, परीक्षकाने चाखायचे, पहिला नंबर काढायचा. मंडप टाकला, मुलांनी भाज्यांची गाणी म्हटली. सेलूहून परीक्षक बाई यायच्या होत्या, त्यांचा ऐनवेळी फोन आला की जमत नाही. सरांनी माईक हातात घेतला.

"काही हरकत नाही. पाच वर्षांचा अनुभव असलेले आपले आबाजी आहेत."

टाळ्या पडल्या. समोर अकरा ताटं आणि ताटांमागे अकरा बाया. ज्या बाईने पहाटे उठून केलं, तिचा नंबर मी अंदाजाने कसा काढू? आणि चव गेली हे खरं सांगावं, तर तेही साऱ्या गावासमोर.

मी विमलबाईकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि माशा वारायच्या निमित्ताने ताटांवरून पुढे गेली. प्रत्येक ताटातलं थोडं तोंडात टाकलं. माझ्या जिवात जीव आला. आता काडी शोधायची, बस.

मी पहिल्या ताटापाशी गेलो. पाटवड्या होत्या, वर सांबार. दुसऱ्यात मटकीची उसळ, वर सांबार. तिसऱ्यात ज्वारीचे धपाटे, त्यांच्यावरही. चौथ्यात तर सांबारवड्याच होत्या, आत सांबार, बाहेर सांबार. मेळावा म्हणून साऱ्या बायांनी ताटं सजवली होती. मी एकेक घास खात होतो आणि घाम पुसत होतो. सगळे म्हणत होते, आबाजी किती मन लावून चाखून राह्यले.

नवव्या ताटाशी पोचलो. वर्षाची कोहळ्याची खीर. आणि खिरीच्या मधोमध उभी खोचलेली सांबाराची एक काडी.

मी बोट केलं. "हा पह्यला नंबर."

वर्षा घाबरली. "सर, हे मी नाई टाकलं जी!"

सरांनी खिरीकडे पाहिलं, मग विमलबाईकडे. "खिरीवर सांबार?"

"उडून पडलं असन वाऱ्यानं," विमलबाई म्हणाली. मंडपात पानही हलत नव्हतं.

सरांनी दोन चमचे खीर खाल्ली, मान डोलावली आणि चवीची वही माझ्यापुढे धरली. "आबाजी, आज सगळ्यांसमोर अभिप्राय लिहा. नेहमीचा नको, मनातला."

मी सावकाश लिहिलं. सरांनी माईकवर वाचलं, "चव होती." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढंच?"

"राहू द्या, सर," मागून विमलबाई म्हणाली. "बराबर लिहिलं त्यायनं."