आक्कांची पुलावरची हाक

आमच्या शेजारच्या आक्का पुलावर पाय ठेवण्याआधी परवानगी काढायच्या. डोक्यावरचा पदर सावरायचा, फडक्यात बांधलेली भाकरी काखेत धरायची आणि कालव्यापलीकडं हाक टाकायची, "यमेऽ, येऊ का?" पलीकडं बाकावर बसलेली त्यांची धाकटी बहीण यमुनाबाई ओरडायची, "ये. गाडी न्हाय." मगच आक्का पाऊल टाकणार.

गाडी कसली डोंबलाची! कारखान्याची उसाची रेल्वे बंद पडून जमाना झाला. रूळ उचलले, पुलाला कठडे आले, फरशी बसली आणि बारामती-इंदापूरच्या शिवेवरची आमची सगळी शुगरवाली मंडळी तिथं सकाळी फिरायला लागली. मीही त्यातलीच. पण रेल्वे होती तेव्हा पलीकडचं वळण फक्त पलीकडच्यालाच दिसायचं. उत्तर आल्याशिवाय पुलावर जायचं नाही, ही दोन्ही काठांची रीत. बाकीच्यांनी सोडली, आक्कांनी नाही.

हात हलवत झपझप जाणाऱ्या आम्हा बायकांची त्यांना कीव यायची. "कुणाच्या घरी जायाचं न्हाय, मग एवढ्या घाईनं निगाला कुटं?"

खरं तर हा पूल भंगारातच जायचा. ग्रामसभेत तसं ठरतच आलं होतं. यमुनाबाईंचे गुडघे गेलेले, घरात दुसरं माणूस नाही आणि रस्त्यानं जायचं तर केवढा वळसा. आक्का ताडकन उभ्या राहिल्या. सरपंच समजुतीनं म्हणाले, "आक्का, गाडी बंद झाली. आता पूल कशाला?"

"गाडी बंद झाली. माझी भन बंद झाली का?"

मग आक्काच म्हणाल्या, "फिरायला वाट करा की. तुमचं पोट बी उतरंल जरा." सरपंचांसकट सगळे हसले आणि पूल वाचला. पोटाचं मात्र अजून काही झालेलं नाही.

गेल्या थंडीत आक्का झोपेतच गेल्या. फार लागलं मला ते. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी फडक्यात भाकरी बांधली आणि पुलापाशी आले. पलीकडं यमुनाबाई बाकावर बसलेल्याच होत्या. फरशी मोकळी होती, सरळ चालत जाता आलं असतं. पण पाय उचलेना. शेवटी हाक टाकली, "यमुनामावशीऽ, येऊ का?"

त्यांनी डोळे पुसले, मान वळवून मागच्या वळणाकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ये गं. गाडी न्हाय."